वेगासमध्ये कॅसिनो नसलेले हॉटेल: धुराचा मुद्दा

खोलीवर केवळ झोपायलाच जायचे असेल तर लास वेगासमध्ये कॅसिनोचे स्वस्त हॉटेलच परवडते, असे अनेकजण म्हणतात; ते मत मला पटत नाही. त्यांचा भाड्याचा हिशेब बरोबर असला तरी सिगारेटच्या धुराचा विषय त्यात येत नाही. लास वेगास ज्या राज्यात आहे त्या नेवाडात २००६ साली मतदारांनी मंजूर केलेल्या कायद्याने बहुतेक बंदिस्त सार्वजनिक जागी धूम्रपानाला बंदी घातली, पण जुगाराचा मजला त्यातून वगळला. आणि मोठ्या कॅसिनो-हॉटेलांत स्वागतकक्षापासून लिफ्टपर्यंतची वाट बहुधा त्याच मजल्यावरून जाते. मला दम्याचा त्रास असल्याने सकाळच्या सादरीकरणाला जाताना घसा धरलेला आणि कोटाला सिगारेटचा वास, हे अजिबात चालण्यासारखे नव्हते.

कन्व्हेन्शन सेंटरमध्ये काम असणाऱ्यांनी त्याच्या शेजारचे रेनेसान्स किंवा जवळचे रेसिडेन्स इन अवश्य पाहावे. दोन्हीकडे कॅसिनो नाही. रेसिडेन्स इनच्या खोलीत शेगडी आणि फ्रीजसह स्वयंपाकघर असते, त्यामुळे दिवसभराच्या बैठकांनंतर मुगाची खिचडी टाकून निवांत जेवता येते, आणि शाकाहारी माणसाला याचे मोल फार आहे. स्ट्रिपवरच, म्हणजे मोठ्या कॅसिनोंच्या मुख्य रस्त्यावरच राहायचे असेल तर आरिया या कॅसिनो-हॉटेलाशेजारचे, कॅसिनो नसलेले व्हिडारा धूम्रपानमुक्त आहे. मात्र कॅसिनो नसलेली काही हॉटेलेही रिसॉर्ट फी (खोलीच्या भाड्याव्यतिरिक्त रोजचे सक्तीचे शुल्क) लावतात, तेव्हा ती धरूनच दरांची तुलना करावी.