आरसी (रिमोटवर उडणाऱ्या छोट्या) विमानांचा क्लब काढायचाय, मुंबईत जमेल का?

विमानवेडा: मंडळी, आम्ही सात-आठ जण दर रविवारी पहाटे मैदानावर फोमची विमानं उडवतो, पण परवा एकाचं विमान थेट क्रिकेटवाल्यांच्या स्लिपमध्ये घुसलं, नशीब कोणाला लागलं नाही. आता रीतसर क्लब करू म्हणतोय. सुरुवात कुठून करू?

पार्लेकर: मैदान विसर भावा. आधी डिजिटल स्कायचा, म्हणजे ड्रोन कुठे उडवता येतो ते दाखवणारा सरकारी नकाशा उघड, सांताक्रूझ, जुहू आणि आता नवी मुंबईचं विमानतळ, उरतंय काय? वर पोलिसांचे बंदीचे आदेश मधूनमधून निघतात त्यात ड्रोनसोबत रिमोटची विमानंही येतात. आम्ही नकाशा बघूनच कर्जतच्या पुढे भातकापणी झालेलं शेत धरलं, मालकाशी लेखी बोलून. पावसाळ्यात मात्र सगळं बंद, तेव्हा घरी बसून डिंक लावा.

जुना_पायलट: जागा मिळेल रे, माणसं सांभाळणं कठीण. सगळे पायलट एका रेषेत उभे, त्या रेषेच्या मागे कोणी उडवायचं नाही, हे पहिल्या दिवशीच सांग. नवशिक्याला बडी बॉक्सवरच शिकव, म्हणजे दोन रिमोट जोडलेले, तो गडबडला की ताबा शिकवणाऱ्याकडे. आणि लिपो बॅटरी फुल चार्ज करून आठवडाभर ठेवू नका, दर सेलला ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवा, माझी एक फुगून पाव झाली होती. बायको अजून टोमणे मारते.

विमानवेडा: पाव 😂 वर्गणी किती ठेवता?

पार्लेकर: आधी शेताचं भाडं ठरव, मग माणशी भाग.