मदत हवी आहे: प्रुफं तपासायला छोटा टॅब्लेट घ्यावा की मोठा?

निळीशाई

मंडळी, दोन आठवडे झाले, काही केल्या निर्णय होत नाहीये, म्हणून धागा काढतेय.

मी घरून मुद्रितशोधनाचं काम करते, म्हणजे छापण्याआधीच्या नमुना-पानांतल्या, प्रुफांतल्या, चुका शोधते. पूर्वी प्रुफं कागदावर यायची आणि लाल पेन घेऊन बसलं की झालं. आता बहुतेक ठिकाणांहून पीडीएफ येते आणि खुणाही पीडीएफवरच करून हव्या असतात. हे सगळं मी लॅपटॉपवर माउसने करते. अनुस्वार घालायचा तरी माउस नेमक्या अक्षरावर नेऊन टिचकी मारायची, खिडकी उघडायची, लिहायचं, बंद करायची. दिवसाला चाळीसेक पानं झाली की उजवं मनगट ठणकायला लागतं. डॉक्टरांनी माउसचं काम कमी करा असं स्पष्ट सांगितलंय. म्हणून टॅब्लेट आणि त्यावर लिहायचं पेन घ्यायचं ठरवलंय. इथपर्यंत शंका नाही. अडलंय ते आकारावर.

एकीकडे आठ-साडेआठ इंची छोटा, दुसरीकडे अकरा इंची. तेरा इंचीचा विचार नाही, कारण मला तो मांडीवर घेऊन खिडकीत बसायचंय.

माझं वाचन तीन प्रकारचं. पुस्तकांची प्रुफं, ती बहुतेक डेमी आकाराची, म्हणजे साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच. लेखकांच्या मूळ संहिता, त्या ए४ वर टाइप केलेल्या. आणि रात्री झोपण्याआधी जुन्या पुस्तकांचे स्कॅन. हे शेवटचं माझ्या आनंदाचं, पण तेही मला तितकंच महत्त्वाचं आहे.

नुसते इंच वाचून काही उमगेना, म्हणून पुठ्ठे कापले. आयपॅड मिनी १९५.४ बाय १३४.८ मिलिमीटरचा आहे आणि साधा अकरा इंची आयपॅड २४८.६ बाय १७९.५ चा. हे दोन पुठ्ठे टेबलावर शेजारी ठेवल्यावर पहिल्यांदा फरक डोळ्यांत भरला. मग पडद्याची रुंदी काढली. उभा धरला तर मिनीचा पडदा ११६ मिलिमीटर रुंद, मोठ्याचा १५८. ए४ कागद २१० मिलिमीटरचा. म्हणजे अख्खं पान बसवलं तर छोट्यावर ते ५५ टक्के होणार आणि मोठ्यावर ७५. बारा पॉइंटचं अक्षर छोट्यावर साडेसहाचं, मोठ्यावर नऊचं.

प्रिंटरवर तेच प्रमाण देऊन एक पान दोन्ही मापांत छापून पाहिलं. ७५ टक्क्यांचं पान बारीक वाटलं तरी वाचता आलं. ५५ टक्क्यांचंही वाचता येतं, पण माझं काम नुसतं वाचण्याचं नाही ना. संवादात ‘वर्षं’ असा शब्द होता. त्यात रफार आणि अनुस्वार दोन्ही एकाच ‘ष’च्या डोक्यावर बसतात. ५५ टक्क्यांत तिथे एक काळा पुंजका दिसत होता. अनुस्वार आहे की राहिलाय, हे मला सांगता येईना. ऱ्हस्व-दीर्घ उकारांचंही तेच.

मग मोठाच घे ना, असं म्हणाल. पण वजन! मिनी २९३ ग्रॅमचा, अकरा इंची ४७७ ग्रॅमचा. तेवढ्या वजनाच्या वह्या काट्यावर मोजून पुठ्ठ्यांना मागून बांधल्या आणि डाव्या हातात धरून बसले. छोटा अर्धा तास धरला तरी काही वाटलं नाही. मोठा दहा मिनिटांत अंगठ्याच्या मुळाशी ओढ देऊ लागला. एक मनगट वाचवायला जावं आणि दुसरं गमावून बसावं, ही भीती आहे.

तर ज्यांनी टॅब्लेटवर पीडीएफ खूप वाचल्यात, त्यांवर हाताने लिहिलंय, त्यांनी कृपया सांगा. छोट्यावर पान मोठं करून काम उरकतं का? मोठ्याच्या वजनाची सवय होते का? आणि मी विचारायला हवी होती पण सुचली नाही अशी एखादी गोष्ट असेल तर तीही सांगा.

पानवेल

आधी एक सांगा, तुमचं वय काय आणि वाचायला चष्मा लागतो का? उत्तर यावर बरंच अवलंबून आहे.

निळीशाई

वय ४७. चाळिशी लागून पाच वर्षं झाली. लांबचा नंबर नाही.

पानवेल

मग माझं मत मोठ्याकडे. कारण सांगते.

छोट्या पडद्यावर अक्षरं फुटतात म्हणून बारीक दिसतात असं नाही. मिनीची घनता इंचाला ३२६ बिंदू, अकरा इंचीची २६४. उभ्या पानाच्या रुंदीत मिनीवर १४८८ बिंदू येतात आणि मोठ्यावर १६४०, म्हणजे फारसा फरक नाही. अक्षर दोन्हीकडे नितळच असतं, मिनीवर फक्त लहान असतं. लहान अक्षर आपण कसं वाचतो? जवळ धरून. बारा पॉइंटचं अक्षर तुम्ही ४० सेंटीमीटरवरून वाचत असाल, तर तेच ५५ टक्के झाल्यावर तितकंच मोठं दिसायला २२ सेंटीमीटरवर धरावं लागेल. पंचविशीतल्या डोळ्यांना ते सहज जमतं. चाळिशी लागलेल्यांना इतक्या जवळचं स्पष्ट दिसत नाही, आणि वाचायचा चष्मा साधारण हातात पुस्तक धरतो त्या अंतरासाठी बनवलेला असतो. त्यामुळे दिवसभर काम करायचं तर छोटा पडदा तुम्हाला दमवणार.

माझा मुलगा छोट्यावर अख्खा अभ्यास करतो. मला त्याच्या टॅब्लेटवर एक पानसुद्धा धड वाचता येत नाही.

सांजवात

मी छोटा वापरते, चार वर्षं झाली, आणि त्याची बाजू मांडायलाच हवी. रात्रीच्या वाचनाला त्याला तोड नाही. कुशीवर झोपून एका हातात धरता येतो. आधी माझ्याकडे मोठा होता. डुलकी लागली आणि तो नाकावर आदळला, चांगली सूज आली होती. तेव्हापासून तो कपाटातच राहिला. छोटा उशाशी असतो, म्हणून वाचन रोज होतं.

पण हेही सांगते, माझी पुस्तकं ईपब असतात. त्यात अक्षर हवं तेवढं मोठं करा, ओळी आपोआप नव्याने लागतात. पीडीएफमध्ये तसं होत नाही, पान जसं लावलंय तसंच राहतं. स्कॅनमध्ये तर पान म्हणजे निव्वळ चित्र. तिथे मी टॅब्लेट आडवा करते. मिनी आडवा धरला की रुंदी १७६ मिलिमीटर मिळते, ए४ पान ८४ टक्के दिसतं. आधी वरचा अर्धा भाग, मग खाली सरकवून उरलेला. वाचायला पुरतं.

निळीशाई

सांजवात, आडवं धरायचं मला सुचलंच नव्हतं! पण त्या अर्ध्या पानावर पेनाने लिहिता येतं का? की लिहिताना पान सरकतं?

सांजवात

लिहायचं काम मी करत नाही, त्यामुळे यावर दुसऱ्या कुणीतरी सांगावं.

चित्रलिपी

सरकतं. निदान माझं तरी सरकायचं. पान मोठं करून ठेवलं की तळहाताचा नाहीतर दुसऱ्या बोटाचा स्पर्श झाला तरी ते हलतं, आणि एक खूण केली की पुढच्या ओळीसाठी पुन्हा सरकवायचं. फक्त पेनानेच लिहिलं जाईल अशी सोय बऱ्याच ॲपमध्ये असते, ती चालू केली की रेघोट्या उमटत नाहीत, पण बोटाने पान सरकणं चालूच राहतं. दिवसाला चाळीस पानं अशी करायची म्हणजे माउसच्या टिचक्या गेल्या आणि सरकवणं आलं. तुमच्या मनगटाचा विचार करता अख्खं पान स्थिर दिसेल आणि त्यावर थेट लिहिता येईल असाच पडदा हवा.

आता तुम्ही न विचारलेली गोष्ट, पेनाची. साध्या अकरा इंची आयपॅडमध्ये वरची काच आणि खालचा पडदा चिकटवलेले नसतात, मध्ये बारीक फट असते. पेनाचं टोक काचेवर टेकतं आणि रेघ किंचित खाली उमटल्यासारखी दिसते. चित्रं काढताना याची सवय होते. अनुस्वारावर नेमकी खूण करायची तर खटकू शकतं. मिनीत आणि आयपॅड एअरमध्ये काच चिकटवलेली असते. एअर अकरा इंची आहे आणि साध्यापेक्षा थोडा हलकाही आहे. तिन्हींवर हाताने लिहून बघितल्याशिवाय घेऊ नका.

अँड्रॉइडकडे वळलात तर पेन चालतं का ते आधी बघा. गॅलक्सी टॅब एस९ बरोबर पेन खोक्यातच येतं, ए९ प्लसवर ते पेन चालतच नाही, आणि दोन्ही अकरा इंचीच. शिवाय हे पडदे लांबट असतात, त्यामुळे त्याच अकरा इंचांत रुंदी १४८ मिलिमीटरच मिळते. ए४ पान ७० टक्क्यांवर येईल. वापरलेला मिनी घ्यायचा विचार असेल तर २०१९ च्या आधीचा नको, त्यांवर ॲपलचं पेन चालत नाही.

जुळारी

मी पानं लावतो, म्हणजे तुमच्याकडे प्रुफं पाठवणाऱ्यांपैकी. दोन गोष्टी.

डेमी पानाचा हिशेब तुम्ही केला नाहीत. पान १४० बाय २१६ मिलिमीटरचं. मिनीवर ते ८१ टक्के बसतं आणि अकरा इंचीवर मूळ आकाराहून थोडं मोठं, १०५ टक्के. म्हणजे पुस्तकाच्या प्रुफांना छोटाही अगदीच वाईट नाही, आणि मोठ्यावर तुम्ही छापील पानच बघताय असं वाटेल. पण आम्ही पुष्कळदा कटमार्कसकट, म्हणजे कागद कुठे कापायचा त्या खुणांसकट, मोठ्या कागदावर ठेवलेलं पान पाठवतो. तसं आलं तर चारी बाजूंची रिकामी जागाही पडद्यावर येते आणि मजकूर आक्रसतो. ‘कापलेल्या मापाची पीडीएफ पाठवा’ असं सांगा. आम्हाला त्यात काही त्रास नाही, कुणी मागत नाही म्हणून पाठवत नाही.

दुसरं समासाचं. ए४ संहितेला चारी बाजूंनी इंचभर समास असेल तर मजकुराची रुंदी १५९ मिलिमीटर उरते. समास कापून दाखवायची सोय असलेलं ॲप वापरलंत तर अकरा इंचीवर अक्षर जवळजवळ मूळ मापाचं दिसेल, मिनीवर ७३ टक्के. पान किंचित खालीवर करावं लागेल एवढंच. अडचण अशी की खुणा समासातच करायच्या असतात. म्हणून पहिलं वाचन समास कापून आणि खुणा करताना पूर्ण पान, असं करून बघा.

निळीशाई

सगळ्यांचे मनापासून आभार. जुळारी, कटमार्कचं वाचून आजच दोघांना निरोप पाठवला.

काल रात्री आणखी एक गोष्ट करून पाहिली. मुलीला दोन वेगवेगळी ए४ पानं दिली आणि प्रत्येकात दहा चुका करून ठेव म्हटलं, अनुस्वार, उकार, रफार, जोडाक्षरं अशा. तिने त्या केल्या, मग एक पान ५५ टक्क्यांवर छापलं, एक ७५ वर. चष्मा लावून, नेहमीच्या अंतरावरून तपासलं. लहान पानात सहा सापडल्या, मोठ्यात नऊ. लहान पानात सुटलेल्या चारांपैकी तीन अनुस्वार होते. ते पाहून मला वाईट वाटलं, कारण तपासताना एकही सुटल्याची शंका आली नव्हती.

तेव्हा अकरा इंचीच घेतेय. साधा की एअर ते दोन्हींवर ‘वर्षं’ लिहून, त्यावर खूण करून ठरवेन. रात्रीचे स्कॅनही आता त्यावरच, पण झोपून नाही. आरामखुर्चीत, मांडीवर उशी घेऊन, म्हणजे हातावर वजन येणार नाही.

एवढंच राहिलं: टेबलावर लिहिताना तो किती तिरका ठेवता? सपाट ठेवला तर मान दुखेल असं वाटतंय.

चित्रलिपी

लिहायला अगदी थोडा उतार, मागे दोन बोटं जाडीचं पुस्तक ठेवल्याइतका. जास्त उभा केलात तर हात अधांतरी राहतो आणि मनगटावर ताण येतो. नुसतं वाचायचं असेल तेव्हा चांगला उभा करा. दोन्ही कोनांत न डगमगणारा स्टँड बघा, आणि कव्हर घेणार असाल तर ते घालून वजन किती होतं ते काट्यावर ठेवून पाहा, काही कव्हरं चांगलीच जड असतात.

जुळारी

आणि पहिलं प्रुफ त्यावर तपासलंत की इथे लिहा. कटमार्क काढून पाठवलेली पानं बरी पडतात का, ते मलाही हवंय.