अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष एका सहीत एवढं सगळं कसं काय करू शकतो?

उगाच_शंका:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून शेवटी धागा काढला. सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रंपनी सही करून जाहीरनामा काढला ना, की एच-वन-बी (तिकडे नोकरी करायचा व्हिसा) साठी एक लाख डॉलर भरा, तेव्हा माझा चुलतभाऊ इथे पुण्यात आलेला होता, काकांच्या श्राद्धासाठी. रविवारी सर्वपित्री आणि शनिवारी सकाळी उठून बघतो तर फोनवर मेसेजचा पाऊस, ऑफिसचा मेल की बाहेर असाल तर ताबडतोब परत या. हा कॅलेंडरच्या मागे पेन्सिलीने हिशोब करतोय, तिकडे शनिवारची मध्यरात्र उलटून १ मिनिट म्हणजे आपले रविवारी सकाळचे साडेनऊ, विमानाला पंधरा-सोळा तास, म्हणजे आज संध्याकाळी साडेपाचच्या आत मुंबई सोडायला पाहिजे. काकूने वड्यांचं पीठ दळून आणलेलं, ती नुसती त्याच्या तोंडाकडे बघत बसली. तिकीट काही मिळालं नाही, तो गेला नाही, आणि मध्यरात्र उलटल्यावर खुलासा आला की ज्यांच्याकडे आधीच व्हिसा आहे त्यांना हे लागूच नाही!

माझा प्रश्न व्हिसाचा नाहीये. नागरिकशास्त्रात आपण घोकलं होतं की कायदे करणारे वेगळे, राबवणारे वेगळे, न्याय देणारे वेगळे, आणि अमेरिकेत तर म्हणे ही विभागणी आपल्यापेक्षा कडक. मग शुक्रवारी संध्याकाळी एक माणूस सही करतो आणि शनिवारी सकाळी कोथरूडमध्ये धावपळ, हे कसं? काँग्रेस (त्यांची संसद हो, आपला पक्ष नव्हे) काय करत असते?

जर्सीचा_नाना:
उत्तर थोडं विचित्र आहे. ही पॉवर काँग्रेसनेच दिलीये, आणि ती पण १९५२ साली.

तो जाहीरनामा ज्या कलमावर काढला ते इमिग्रेशन कायद्याचं कलम २१२ (एफ). त्यात म्हटलंय की परदेशी लोकांच्या एखाद्या गटाचं येणं देशहिताला मारक आहे असं राष्ट्राध्यक्षाला वाटलं तर तो त्यांचा प्रवेश थांबवू शकतो, त्याला योग्य वाटेल तितका काळ. "त्याला वाटलं तर", बस. आणि गंमत बघा, हा कायदा तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष ट्रुमन याला नकोच होता, त्याने व्हेटो केला होता, म्हणजे मंजुरी नाकारली होती, पण दोन्ही सभागृहांनी दोन तृतीयांश मतांनी तो व्हेटो उलथवला आणि २७ जून १९५२ ला कायदा झाला.

त्याच महिन्यात २ जूनला सुप्रीम कोर्टाने याच ट्रुमनच्या कानाखाली वाजवली होती. कोरियाचं युद्ध चालू, पोलाद कारखान्यांत संप होणार, कंपन्या म्हणतात भाव वाढवून द्या नाहीतर पगारवाढ नाही. ८ एप्रिलला रात्री ट्रुमन रेडिओवर आला आणि देशाला सांगून मोकळा झाला की कारखाने सरकार ताब्यात घेतंय. वाणिज्यमंत्री सॉयर यांना तसा हुकूम दिला. कुठला कायदा? कुठलाच नाही, युद्ध आहे आणि मी सेनापती आहे एवढंच. कोर्टात ६ विरुद्ध ३ ने हरला. नऊच्या नऊ न्यायाधीश आधीचा राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट किंवा खुद्द ट्रुमनने नेमलेले होते बरं का, आणि ट्रुमनने नेमलेल्या चौघांपैकी दोघांनी त्याच्या विरोधात मत दिलं. कारखाने परत मालकांकडे, संप झाला, ५३ दिवस चालला.

निकाल लिहिणाऱ्या ह्यूगो ब्लॅकने नंतर ट्रुमनला घरी जेवायला बोलावलं. ट्रुमन म्हणे आधी घुश्शात होता, मग म्हणाला तुझा कायदा मला काही पटला नाही पण तुझी बर्बन व्हिस्की झकास आहे :-)

काळा_डगला:
नानांनी मुख्य गोष्ट सांगितलीच, फक्त त्या खटल्यात लोक आज जे वाचतात ते ब्लॅकचं निकालपत्र नाही, जॅक्सन यांचं वेगळं सहमतीपत्र. हे जॅक्सन स्वतः रूझवेल्टचे अॅटर्नी जनरल होते, न्यूरेंबर्गला नाझींवरच्या खटल्यात सरकारी वकील होते, म्हणजे सत्तेच्या आतल्या खोलीत बसून आलेला माणूस. त्यांनी तीन खण पाडले. काँग्रेसने सांगितलंय तेच राष्ट्राध्यक्ष करतोय, तर त्याचा हात सगळ्यात वर. काँग्रेस गप्प आहे, तर संधिप्रकाश, प्रसंग बघून ठरवायचं. आणि काँग्रेसच्या इच्छेविरुद्ध करतोय, तर त्याच्याकडे फक्त राज्यघटनेने थेट दिलेलं उरतं, तेही काँग्रेसचं वजा करून. ट्रुमन तिसऱ्या खणात सापडला, कारण १९४७ च्या कामगार कायद्याच्या वेळी कारखाने ताब्यात घ्यायचा अधिकार द्यावा का यावर चर्चा होऊन तो मुद्दाम दिला नव्हता.

तुमच्या भावाचं प्रकरण सरकारच्या मते पहिल्या खणातलं. २१२ (एफ) वर २०१८ चा निकाल पण आहे, काही मुस्लिमबहुल देशांवरच्या प्रवासबंदीचा, ५ विरुद्ध ४ ने ट्रंप जिंकले, कोर्ट म्हणालं हे कलम राष्ट्राध्यक्षाला भरपूर मोकळीक देतं. पण माझं मत विचाराल तर "येऊ नका" म्हणणं वेगळं आणि "लाख डॉलर टाका मग या" म्हणणं वेगळं. पैसे वसूल करणं हे त्यांच्या घटनेत कलम १ मध्ये, काँग्रेसच्या ताटात वाढलेलं आहे. दार बंद करायची किल्ली दिली म्हणजे दारात टोलनाका टाकायची परवानगी दिली असं होत नाही.

चहाबाज:
वकीलसाहेब खण वगैरे छान आहे पण शनिवारी सकाळी त्या पोराला जॅक्सनचा काय उपयोग? कोर्टाचा निकाल येईपर्यंत तिकिटाचे पैसे गेले, नोकरी गेली, श्राद्ध पण गेलं. सही आधी, कायदा नंतर, असंच चालतं सगळीकडे. आणि ज्याची सही तो कोर्टाचं ऐकेल कशावरून?

काळा_डगला:
ऐकलंय हो आत्तापर्यंत मोठ्या प्रसंगी. वॉटरगेट प्रकरणात राष्ट्राध्यक्ष निक्सनला त्याच्या ऑफिसातल्या बोलण्याच्या टेप द्यायला सांगितल्या २४ जुलै १९७४ ला, ८ विरुद्ध शून्य, त्यातले तिघे त्यानेच नेमलेले. टेप दिल्या आणि ९ ऑगस्टला खुर्ची सोडली. उशिराचं म्हणाल तर पोलादाच्या केसमध्ये हुकुमापासून निकालापर्यंत दोन महिने पण लागले नव्हते. दर वेळी तसं होत नाही हे मात्र खरं.

उगाच_शंका:
नाना, काँग्रेसने दिलं तर काँग्रेस काढून पण घेऊ शकते ना? साधी गोष्ट आहे.

जर्सीचा_नाना:
साधी नाहीये, आणि इथे आपलाच एक माणूस येतो. जगदीश राय चढ्ढा. आईवडील भारतीय, जन्म केनियातला, पासपोर्ट ब्रिटिश, अमेरिकेत आला १९६६ साली शिकायला, ओहायोत. १९७२ ला व्हिसा संपला. केनिया म्हणे तू आमचा नाहीस, ब्रिटन म्हणे थांब जरा. इमिग्रेशन जजने १९७४ मध्ये त्याला राहू दिलं. पण तेव्हाच्या कायद्यात एक खाच होती, दोनपैकी एका सभागृहाने जरी ठराव केला तरी असा निर्णय रद्द. डिसेंबर १९७५ मध्ये हाऊसने (त्यांचं खालचं सभागृह) ३४० जणांच्या यादीतून सहा नावं वेचून काढली, त्यात हा. पठ्ठ्या कोर्टात गेला आणि १९८३ ला सुप्रीम कोर्टात ७ विरुद्ध २ ने जिंकला. कोर्ट म्हणालं काँग्रेसला काही करायचं तर दोन्ही सभागृहं आणि मग राष्ट्राध्यक्षाची सही, नाहीतर व्हेटो उलथवा, मधला शॉर्टकट नाही.

एका माणसाला न्याय मिळाला, चांगलंच झालं. पण तसला शॉर्टकट दोनशेच्या आसपास कायद्यांत होता, सगळ्यांचा निकाल लागला. १९७६ चा आणीबाणीचा कायदा घ्या. त्यात काँग्रेस आपल्या ठरावाने आणीबाणी संपवू शकत होती, राष्ट्राध्यक्षाला विचारायची गरज नव्हती. चढ्ढाच्या निकालानंतर ते बदलावं लागलं. परिणाम दिसला २०१९ ला, मेक्सिकोच्या सीमेवरच्या भिंतीसाठी ट्रंपनी आणीबाणी जाहीर केली, ती रद्द करायला हाऊसमध्ये २४५-१८२, सिनेटमध्ये ५९-४१, त्यांच्याच पक्षाचे बारा सिनेटर विरोधात गेले, आणि १५ मार्चला ट्रंपनी व्हेटो मारला. हाऊसमध्ये दोन तृतीयांश जमले नाहीत, विषय संपला. म्हणजे द्यायला साधं बहुमत आणि काढून घ्यायला दोन तृतीयांश. उसने दिलेले पैसे परत मागायला गेल्यावर कसं होतं तसं.

चहाबाज:
म्हणजे अधिकारांची विभागणी कडक केली आणि फायदा झाला सहीवाल्याचा. वा!

काळा_डगला:
थोडं विषयांतर, पण धागाकर्ते पुण्याचे म्हणून सांगतो. आपल्याकडे राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात, त्यामुळे एकट्याच्या सहीची भानगड तशी नाही, आपली पळवाट म्हणजे अध्यादेश. तुमच्या गोखले इन्स्टिट्यूटचे डॉ. डी. सी. वाधवा बिहारची राजपत्रं चाळत बसले आणि त्यांना दिसलं की १९६७ ते १९८१ मध्ये २५६ अध्यादेश विधानसभेला न विचारता पुन्हापुन्हा काढलेत, काही तर दहा-दहा वर्षांहून जास्त जिवंत ठेवले. अर्थशास्त्राचा माणूस, वकील नव्हे, स्वतः सुप्रीम कोर्टात गेला आणि १९८६ ला जिंकला.

उगाच_शंका:
गोखले इन्स्टिट्यूटवरून रोज जातो हो, आत कोणी असं काही करत बसलं असेल असं कधी वाटलं नव्हतं.

भावाला हा धागा पाठवला. म्हणाला चढ्ढाचं वाचलं, त्याचं पुढे काय झालं ते विचार.

जर्सीचा_नाना:
केस चालू असतानाच अमेरिकन मुलीशी लग्न केलं होतं त्याने. राहिला इथेच.