शब्दचर्चा: ‘रिटेन्शन वोट’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न
अमेरिकेतील अलास्का राज्यात न्यायाधीश नेमले जातात, पण ठरावीक वर्षांनी त्यांचे नाव मतपत्रिकेवर येते आणि त्यांनी पदावर राहावे का यावर मतदार ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणतात. हाच ‘रिटेन्शन वोट’. त्याआधी तिथली न्यायिक परिषद प्रत्येकाच्या कामाचा अहवाल काढते. त्या अहवालाचा मथळा मराठीत असा केला आहे: ‘उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना कायम करण्यापूर्वी मूल्यांकन’. वाचताना खटकतो. नेमके काय चुकते?

प्रतिसाद १
तीन ठिकाणी चुकते. मूळ शब्द ‘सुपिरियर कोर्ट’ असेल तर ‘उच्च न्यायालय’ नको. अलास्कात ते खटले चालवणारे न्यायालय आहे, साधारण आपल्या जिल्हा व सत्र न्यायालयाच्या जागी. त्याच्या वर अपील न्यायालय आणि राज्याचे सर्वोच्च न्यायालय. ‘सुपिरियर न्यायालय’ असेच ठेवा आणि ‘न्यायमूर्ती’ऐवजी ‘न्यायाधीश’ लिहा.

‘कायम करणे’ तर सरळ चूक आहे. आपल्याकडे राज्यघटनेच्या अनुच्छेद २२४ खाली उच्च न्यायालयात अतिरिक्त न्यायमूर्ती जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी नेमतात. पुढे त्यांना ‘कायम केले’ म्हणजे ६२ व्या वर्षापर्यंतची निश्चिती. अलास्कात ‘हो’चा कौल मिळाला तरी तो मुदतीपुरताच. नेमणुकीला तीन वर्षे झाल्यानंतरच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत पहिला कौल, मग सुपिरियर न्यायालयासाठी दर ६ वर्षांनी आणि सर्वोच्च न्यायालयासाठी दर १० वर्षांनी.

‘मूल्यांकन’ हिंदीच्या वळणाचे. मराठीत त्याने जमीन-घराची किंमत ठरवणे डोळ्यांपुढे येते. कामाचे ते ‘मूल्यमापन’.

प्रतिसाद २
मग ‘कायम करणे’ऐवजी ‘कायम ठेवणे’ चालेल का? किंवा ‘फेरनिवडणूक’?

प्रतिसाद १
‘फेरनिवडणूक’ नको, समोर प्रतिस्पर्धीच नसतो. ‘कायम ठेवणे’ अर्थाने जवळचे आहे, पण त्याच अहवालात अडचण करते. परिषद न्यायाधीशाचे किती निकाल अपिलात टिकले तेही पाहते, आणि त्याला मराठी बातम्यांत ‘निकाल कायम ठेवला’ म्हणतात. एकाच पानावर ‘कायम ठेवलेले निकाल’ आणि ‘कायम ठेवायचे न्यायाधीश’ आले की वाचक गोंधळणारच. ‘राखणे’ही टाळा, कारण ‘निकाल राखून ठेवला’ याचा अर्थ सुनावणी संपली, निकाल नंतर. क्रियापद ‘पदावर ठेवणे’ घ्या.

प्रतिसाद ३
आणि मतदानाला ‘कौल’. कोकणात, गोव्यात देवाला कौल लावतात तेव्हा मूर्तीला चिकटवलेली पाकळी उजवीकडून पडते की डावीकडून, एवढेच पाहायचे असते. एक प्रश्न, दोन उत्तरे. या मतदानाची रचना नेमकी तशीच आहे, म्हणून हा शब्द मला फार चपखल वाटतो.

प्रतिसाद २
पण बातम्यांत ‘जनतेचा कौल’ म्हणजे कुठल्याही निवडणुकीचा निकाल.

प्रतिसाद ३
म्हणूनच पहिल्या उल्लेखात ‘पदावर ठेवण्याविषयीचा कौल’ असे पूर्ण लिहावे, पुढे नुसते ‘कौल’. आणि उलट बाजूला ‘महाभियोग’ लिहू नये, ती विधिमंडळाची कारवाई. २०१० मध्ये अमेरिकेतल्याच आयोवा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातील तीन न्यायमूर्ती, मुख्य न्यायमूर्ती मार्शा टर्नस यांच्यासह, समलिंगी विवाहाच्या २००९ च्या निकालानंतर अशाच मतदानात पदावरून गेले. तिथे ‘मतदारांनी पदावर ठेवले नाही’ हेच बरोबर.

प्रश्नकर्ता
मूल्यमापनाचे निकष असे केले आहेत: कायद्याचे ज्ञान, निःपक्षपातीपणा, सचोटी, स्वभाव, तत्परता.

प्रतिसाद १
‘स्वभाव’ बदला. इथे घरचा तापटपणा मोजत नाहीत. पक्षकाराशी सौजन्य, वकिलाचे म्हणणे पुरते ऐकून घेण्याचा धीर, हे मोजतात. ‘न्यायासनाला साजेसे वर्तन’ लांब आहे, पण अचूक आहे. ‘कायद्याचे ज्ञान’ही तोकडे पडते, कारण ज्ञान लावता येणे यातच आहे. ‘कायद्यावरील प्रभुत्व’ करा.

गुण १ ते ५ असतात. त्यातला ३ म्हणजे ‘स्वीकारार्ह’. तिथे ‘मध्यम’ लिहिले की शाळेतल्या शेऱ्यासारखे वाचले जाते आणि न्यायाधीशावर अन्याय होतो. सरासरी देताना उत्तरे कोणाची तेही लिहा. वकील, पोलीस व परिवीक्षा अधिकारी (तुरुंगाऐवजी देखरेखीखाली सोडलेल्यांवर लक्ष ठेवणारे), न्यायालयीन कर्मचारी, ज्यूरी यांचे कौल वेगवेगळे असतात. उत्तरे देणाऱ्यांबद्दलचे ‘त्या न्यायाधीशाच्या प्रत्यक्ष कामाचा अनुभव असलेले’ हे शब्द गाळू नका, ऐकीव मत आणि अनुभव यांतला फरक त्यातच आहे.

प्रतिसाद ३
इथे ‘कौल’ नको, ‘अभिप्राय’ लिहा. कौल फक्त मतदारांचा.

प्रतिसाद १
मान्य, माझी चूक.

प्रश्नकर्ता
एका वाक्यात पगार अडकण्याचा उल्लेख आहे. ‘दंड’ म्हणू?

प्रतिसाद ३
नाही. अलास्कात कोणतेही प्रकरण सहा महिन्यांहून जास्त काळ निकालावाचून पडलेले नाही, असे प्रतिज्ञापत्र दिल्याशिवाय न्यायाधीशाचा पगार निघत नाही. पैसे कापले जात नाहीत, थांबतात. ‘पगार रोखला’ लिहा.

प्रश्नकर्ता
नवा मथळा: ‘सुपिरियर न्यायालयाच्या न्यायाधीशांना पदावर ठेवायचे का? मतदारांच्या कौलाआधी कामगिरीचे मूल्यमापन’. खाली ओळ: ‘अहवाल निवडणुकीच्या दोन महिने आधी जाहीर होतो.’

प्रतिसाद १
मथळा उत्तम. खालच्या ओळीत ‘किमान ६० दिवस आधी’ करा. कायद्यातली मुदत दिवसांत आहे, आणि ‘किमान’ गेले तर तीच तारीख ठरलेली वाटते.