अनुभव धागा: शहर ते गाव, पाऊलवाटेने

वाटसरू_जुना
काल कपाट आवरताना घड्यांवर फाटलेला एक जुना नकाशा हाती लागला, म्हणून हा धागा. आठवणी नकोत, त्या सगळ्यांकडेच असतात. कामाचं लिहा.

सुरुवात मी करतो. वाट मधल्या माळावर सहसा चुकत नाही. चुकते ती पहिल्या आणि शेवटच्या किलोमीटरला. शहराच्या कडेला नवी कुंपणं, प्लॉट, मुरमाचे ढीग. जुनी वाट त्यांच्याखाली गेलेली असते. गावाजवळ उलटा प्रकार. विहिरीची वेगळी, शेताची वेगळी, ओढ्याची वेगळी, आणि सगळ्या सारख्याच मळलेल्या. मधल्या भागात फाटे कमी, कारण तिथून दुसरीकडे कुणाला जायचंच नसतं. त्यामुळे नकाशा बघताना वेळ घालवायचा तो दोन टोकांवर. वस्ती संपून एकच वाट उरते ती जागा आदल्या रात्री फोनवर खूण करून ठेवा आणि तिथवर सरळ डांबरी रस्त्याने जा.

कडेकपारी
पहिल्या किलोमीटरचं अगदी खरं. भर घालतो: गुरांची वाट आणि माणसाची वाट. जमिनीकडे बघून फरक कळत नाही, वर बघा. छातीच्या उंचीवर काटेरी फांद्या आडव्या येत असतील आणि खाली वाट मात्र लख्ख असेल, तर ती गुरांची. माणसांच्या वाटेवर डोक्याएवढ्या उंचीपर्यंत फांद्या मोडलेल्या किंवा कोयत्याने तोडलेल्या दिसतात, काप तिरका असतो. दुसरं म्हणजे गुरांची वाट चरायच्या जागी पोचली की पंख्यासारखी पसरते आणि विरते. वाट विरली की पुढे शोधत बसू नका, शेवटच्या फाट्यावर परत या.

मी_आणि_छत्री
वाचनखूण साठवली. पोरीच्या क्लासबाहेर उभी आहे, सविस्तर नंतर. तोवर एकच: प्रत्येक फाट्यावर मागे वळून बघा. परतताना तोच फाटा उलटा दिसतो आणि ओळखू येत नाही.

गणिती
वेळेचा हिशेब. नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेला नियम अजून चालतो: सपाटीवर तासाला ५ किमी, शिवाय चढाच्या दर १० मीटरला १ मिनिट. ११ किमी आणि एकूण ३६० मीटर चढ असेल तर १३२ + ३६, म्हणजे २ तास ४८ मिनिटं. यात थांबे नाहीत, मुलं नाहीत, फोटो तर नाहीतच. घोळका असेल तर ५ च्या जागी ३.५ धरा. एकूण चढ म्हणजे सगळ्या चढांची बेरीज. दोन टोकांच्या उंचीतला फरक धरला की हमखास फसगत.

वाटसरू_जुना
@गणिती, उताराचं काय?

गणिती
मूळ नियमात उतार नाही. हलक्या उतारावर थोडा वेळ वाचतो, सुट्या खडीच्या तीव्र उतारावर चढाइतकाच जातो.

सांजवेळ
सूर्य मावळायला किती वेळ आहे ते बोटांनी मोजतात ना, हात लांब करून क्षितिजापासून दर बोटाला १५ मिनिटं?

गणिती
ते उत्तरेकडच्या थंड देशांत. तिथे सूर्य तिरका मावळतो. विषुववृत्ताच्या आसपास तो जवळजवळ सरळ खाली जातो, तासाला साधारण १५ अंश. हात लांब केल्यावर बोटाची रुंदी साधारण २ अंश भरते, म्हणजे ८ मिनिटं. चार बोटं म्हणजे अर्धा तास, तास नव्हे! संधिप्रकाशही तिथे लवकर संपतो. विजेरी सोबत असू द्या.

कडेकपारी
+१. हा एक प्रतिसाद धाग्याचे पैसे वसूल.

मी_आणि_छत्री
पैसे भरले कधी? 😄

बिनकामाचा
अवांतर: छत्री की पोंचो (डोक्यावरून घालायचा सैल रेनकोट)? भांडण लावत नाहीये, खरंच विचारतोय.

मी_आणि_छत्री
नावातच उत्तर आहे. उघड्या माळावर वारा असेल तर पोंचो, दाट झाडीत आणि बिनवाऱ्याच्या पावसात छत्री. पोंचोत पावलं दिसत नाहीत, निसरड्या उतारावर तो पुढून कमरेत खोचा. विजा चमकत असतील तर दोन्ही सोडा, आधी माळावरून खाली उतरा. एकट्या झाडाखाली थांबू नका.

ओढा_पलीकडे
ओढ्याबद्दल कुणीच नाही लिहिलं? पाणी गढूळ असेल आणि तळ दिसत नसेल तर काठी टेकवून खोली बघा. वेगाचं पाणी गुडघ्याच्या वर असेल तर उतरू नका, थांबा किंवा परत फिरा. ओढा लहान असेल तर वरचा पाऊस थांबल्यावर पाणी बऱ्याचदा काही तासांत ओसरतं. उतरायचंच असेल तर सॅकचा कमरेचा पट्टा सोडा, बूट घालूनच उतरा, तोंड प्रवाहाच्या वरच्या दिशेला, काठी पुढे, एका वेळी एकच पाय उचला. आणि सगळ्यांत अरुंद जागा निवडू नका! तिथेच पाणी सर्वांत खोल आणि जोरात असतं. पसरट जागा बघा.

शेतकरी_बांधावरून
आमची बाजू. उभ्या पिकातून रांगेनेसुद्धा जाऊ नका, बांधावरून जा. फाटक जसं असेल तसं सोडा: बंद तर बंद, उघडं तर उघडं. उघडं मुद्दाम ठेवलेलं असू शकतं, जनावरांना पाण्याकडे जायला. चढूनच जायची वेळ आली तर बिजागरीच्या बाजूने चढा. कडीच्या बाजूला वजन पडलं की बिजागरी उचकटते आणि फाटक जमिनीला घासायला लागतं. वासरू आणि गाय यांच्यामधून जाऊ नका, दहा पावलं जास्त पडली तरी वळसा घ्या.

बिनकामाचा
गावात वाट विचारली की 'हे काय, इथंच' म्हणतात. ते इथंच म्हणजे किती किमी?

शेतकरी_बांधावरून
प्रश्न चुकतोय तुमचा. 'ही वाट गावाला जाते का?' विचारलं की हो म्हणणारच, सगळ्याच वाटा कुठल्या ना कुठल्या गावाला जातात. 'गावाला कुठली वाट जाते?' असं विचारा, म्हणजे माणूस हात करून दाखवतो. आणि अंतर विचारू नका, पुढची ठळक खूण विचारा.

सांजवेळ
फोनची बॅटरी मध्येच संपते, उपाय?

गणिती
विमान मोडवर टाका. जीपीएसला नेटवर्क लागत नाही, नकाशा आधी उतरवून ठेवलेला हवा. रेंज नसलेल्या दरीत फोन सतत टॉवर शोधत राहतो, तिथेच बॅटरी जाते. आणि कव्हरला लोहचुंबक असेल तर होकायंत्र चुकीची दिशा दाखवतं, वापरताना कव्हर काढा.

मी_आणि_छत्री
आले. उतरताना बुटात अंगठा आपटतो त्यावर कुणी लिहा.

कडेकपारी
उतार लागायच्या आधी बसा, लेस सोडा, टाच दोनदा जमिनीवर आपटून मागे बसवा. बोटांवर लेस सैल ठेवा. घोट्याच्या वाकाशी साधी गाठ मारताना एकाऐवजी दोन पीळ द्या, म्हणजे खालचा भाग सैल आणि वरचा घट्ट तसाच राहतो. नखं दोन दिवस आधी कापा, त्याच सकाळी नव्हे. आणि टाच नुसती गरम लागली तरी तिथेच थांबून पाय कोरडा करा, चिकटपट्टी लावा. पट्टीचे कोपरे कात्रीने गोल करा, चौकोनी कोपरे मोज्यात उलटतात.

बिनकामाचा
कात्री कुठून आणू माळावर?

कडेकपारी
घरीच कापून न्या की राव.