क्लीव्ह म्हणजे चिरणे की चिकटणे? डिक्शनरी सुचवा

खानापूरकर
मुलगी सेकंड पीयूसीला, म्हणजे बारावीला आहे. सराव पेपरात वाक्य होतं, 'शी क्लीव्ह्ड टू हर ओल्ड बिलीफ्स'. घरातल्या छोट्या इंग्रजी-मराठी डिक्शनरीत क्लीव्ह म्हणजे चिरणे, फाडणे. तिनं लिहिलं, 'तिने जुन्या समजुती मोडून टाकल्या'. मार्क गेले. नेमकं उलटं आहे म्हणे! शनिवारी बेळगावला येणार आहे, कुठली डिक्शनरी घेऊ?

शहापूरची माई
डिक्शनरी खोटी नाही, अर्धी आहे. मुळात ही दोन वेगळी क्रियापदं. जुन्या इंग्रजीत चिरण्याला क्लेओफन आणि चिकटण्याला क्लिफियन. बोलताबोलता दोघांचा उच्चार एकच होऊन बसला. कसायाचा सत्तूर म्हणजे क्लीव्हर, तो पहिल्यातला. पुढे 'टू' आलं की चिकटणं. घशाला कोरड पडून जीभ टाळूला चिकटते ना, तिथंही हेच क्रियापद. 1611 च्या इंग्रजी बायबलात नवरा बायकोला 'क्लीव्ह' करतो, म्हणजे धरून राहतो. सत्तूर घेऊन नव्हे!

निपाणीवाला
ह्या इंग्रजांचं काही खरं नाही बघा.

शहापूरची माई
आपलं तरी कुठं खरं आहे? 'परवा' घ्या की. परवा आलो, परवा येतो. झालेलं की व्हायचं, ते क्रियापद सांगतं. कन्नडात मात्र दोन शब्द, मोन्ने आणि नाडिद्दू. लग्न होऊन इथं आले तेव्हा शेजारच्या काकूंना मी ऐटीत 'मोन्ने बर्तीनि' म्हटलं होतं. परवा येऊन गेलेली बाई परत कशी येणार म्हणून त्या अजून हसतात.

निपाणीवाला
😂 ते असू दे. मुलीला भूतकाळाची रूपं पाठ करायला लावू नका. चिरण्याची क्लोव्ह, क्लेफ्ट, क्लीव्ह्ड अशी तीन-तीन चालतात. क्लेफ्ट लिप म्हणजे दुभंगलेला ओठ, क्लोव्हन हूफ म्हणजे गाईचा दुभंगलेला खूर, एवढं ध्यानात राहिलं तरी पुरे. चिकटण्याचं सरळ क्लीव्ह्ड. आणि लिहिताना दोन्ही टाळा, स्प्लिट आणि स्टिक टू आहेत की.

डिक्शनरी इंग्रजी-इंग्रजीच घ्या, ऑक्सफर्डची ॲडव्हान्स्ड लर्नर्स. जाड आहे, पण अर्थापुढे वाक्य असतं आणि 'टू' कुठं लागतं ते दिसतं. जुनी आवृत्ती मिळाली तरी चालेल, क्लीव्ह काही बदललेलं नाही.

शहापूरची माई
माझंही तेच मत. खिशातली मात्र फेकू नका, मराठी शब्द आठवत नाही तेव्हा तीच लागते.

खानापूरकर
आभार. मुलगी लसूण सोलत विचारतेय, पाकळीला क्लोव्ह म्हणतात तेही यातलंच का? आणि लवंग?

शहापूरची माई
पाकळी यातलीच, गड्डा फुटून होते. लवंग नाही. ती फ्रेंच क्लू वरून, म्हणजे खिळा. एक हातात धरून बघायला सांगा तिला.