मदत हवी आहे : कुतला कैद झालेल्या मराठा शिपायाचा माग कसा काढायचा?

नमस्कार मंडळी. माझे खापरपणजोबा ११७व्या मराठा पलटणीत शिपाई होते. घरात एवढंच सांगतात, 'ते कुतला गेले आणि परत आलेच नाहीत.'

वाचून कळलं ते असं. पहिल्या महायुद्धात, २९ एप्रिल १९१६ रोजी, कुत-अल-अमारा (आजच्या इराकमधलं कुत) येथे ब्रिटिश-हिंदी सैन्याच्या ६व्या पुणे डिव्हिजनने तुर्कांपुढे शस्त्रं टाकली. १४७ दिवसांच्या वेढ्यात माणसं आधीच हाडांचा सापळा झाली होती. कैदेत पहिलं अन्न मिळालं ते दगडासारखं कडक बिस्किट. उपाशी पोटाला ते झेपलं नाही, कित्येक जण हगवणीने तिथेच गेले. अधिकारी बोटीने बगदादला, शिपाई मात्र उन्हात पायी! मुठभर अन्नासाठी बूट विकले, मग पायांना चिंध्या गुंडाळून चालले. बगदादहून समाऱ्यापर्यंत रेल्वे, पुढे तिक्रित, मोसुल, रास-अल-ऐन असं वाळवंट तुडवत. जो मागे पडला तो मागेच राहिला. डिव्हिजनचे सेनापती जनरल टाउनशेंड तेव्हा इस्तंबूलजवळच्या बेटावर आरामात होते, याचा राग अजून येतो.

इराकमधल्या बसरा युद्धस्मारकावर हिंदी शिपायांची नावं कोरलेलीच नाहीत, पलटणीपुढे फक्त आकडा आहे. म्हणून विचारतो: रेडक्रॉसच्या पहिल्या महायुद्धातील कैद्यांच्या नोंदींत हिंदी शिपाई कुणी शोधलाय का? नाव इंग्रजीत कसंही लिहिलेलं असू शकतं, मग गावावरून शोधता येतं का? आमच्याकडे पलटणीचा क्रमांक आणि गाव आहे, शिपाई क्रमांक नाही. रास-अल-ऐनला कैद्यांना ज्या रेल्वेकामावर जुंपलं होतं, तिथून परतलेल्या कुणाची आठवण तुमच्या घरात असेल तर तीही सांगा.